बस वळेल असा प्लॉट

शेतकरी कसा आहे, जमीन कशी आहे, पाणी कुठून येतं, हे प्रश्न नंतरचे. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत पाहुण्यांना दाखवायला कुठलाही प्लॉट निवडायचा झाला की माझा पहिला प्रश्न एकच असायचा: तिथं बस वळेल का?

परदेशी पाहुण्यांची थंडगार बस, तिच्या पुढं पोलिसांची जीप, मागं आमच्या साहेबांच्या चार-पाच गाड्या. एवढी वरात गावात शिरली की ती धडपणे बाहेरही पडली पाहिजे. एकदा अंथुर्ण्याच्या पुढं एका रानात बस रुतली आणि एका देशाचे उपमंत्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून डांबरीपर्यंत आले. ते बिचारे खूश होते, उसाचं कांडं चोखत फोटो काढून घेत होते. आमचे साहेब मात्र घामाने निथळत होते. दुसऱ्या दिवशी मला बोलावून ते म्हणाले, "मुलाणी, यापुढं डांबरीलगतचंच रान. आतलं रान कितीही चांगलं असू द्या." तो हुकूम मी इमानेइतबारे पाळला, आणि त्याचे भोग दुसऱ्याच माणसाच्या वाट्याला आले. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी शब्बीर मुलाणी. कृषी खात्यात सहायक म्हणून चिकटलो, पर्यवेक्षक होऊन निवृत्त झालो. भवानीनगरला अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं. कारखान्यातल्या एका इंजिनिअरांकडं इंग्रजी पेपर यायचा आणि त्याची रद्दी बांगड्या गुंडाळायला आमच्याकडं यायची. पुढं कृषी महाविद्यालयात गेलो, पण इंग्रजीची भीती गेली ती त्या रद्दीमुळंच. तालुक्यात ऊस कळणारे पुष्कळ होते आणि इंग्रजी बोलणारेही होते. दोन्ही एकाच माणसात हवं असलं की माझं नाव निघायचं. त्यामुळं आपलं सरकार, एक परकं सरकार आणि तिकडची एक कंपनी यांचा मिळून प्रकल्प आमच्या भागात आला, तेव्हा मला तिकडं प्रतिनियुक्तीवर, म्हणजे सरकारी उसनवारीवर, पाठवलं. इंदापूर रस्त्याला एका हॉटेलाच्या वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या, एवढंच आमचं आंतरराष्ट्रीय कार्यालय. खालून दिवसभर मिसळीच्या कटाचा वास यायचा.

या कामाला दिल्लीत तंत्रज्ञान राजनय असं भारदस्त नाव आहे. ते मला माझ्या निरोप समारंभाच्या भाषणात पहिल्यांदा कळलं. साध्या भाषेत सांगायचं तर असं, की परक्या देशाला त्यांच्या कंपन्यांची यंत्रं आपल्याकडं खपवायची असतात. आपल्या सरकारला नवं काहीतरी आणल्याचं दाखवायचं असतं. सरळ खरेदी-विक्री केली तर तो बाजार दिसतो. म्हणून आधी दोन सरकारं मैत्रीच्या कागदावर सह्या करतात, कंपनी पहिली काही यंत्रं फुकट देते, आणि ती कुणाच्या तरी रानात रोवली जातात. मैत्री सरकारांची, यंत्र कंपनीचं, रान शेतकऱ्याचं. करारावर सही मात्र पहिल्या दोघांचीच. शेतकऱ्याला वेगळा संमतीचा फॉर्म असतो. तो अकरा पानांचा, इंग्रजीत. मी तो दोन वाक्यांत सांगायचो, "मशीन बसवायला तुमची हरकत न्हाय, आन मशीन जे सांगंल ते आमी बघणार, एवढंच हाय." शेतकरी विचारायचा, सही कुठं करू? मी बोट ठेवायचो.

तिकडच्या देशाचं नाव मी लिहीत नाही. या सगळ्यात त्यांचा दोष सगळ्यात कमी होता.

पाहुण्यांची उस्तवार हा एक वेगळाच धंदा आहे. बिनदुधाचा चहा कुणाला, संडास कुणाच्या घरचा धड आहे, फेटा बांधणारा माणूस किती वाजता पोहोचतो, बांधावरचं गाजरगवत काढलं का, हे सगळं माझ्याकडं. एका शिष्टमंडळाला बैलांची नांगरट बघायची होती. आता आमच्याकडं नांगराला बैल कोण ठेवतो? कळंबच्या एका शौकिनाकडून जोडी आणली. देखणी, शिंगांना रंग लावलेली. ती जोडी होती शर्यतीची. नांगर जुंपला आणि टाळ्या वाजल्या, तसं बैलांना वाटलं झेंडा पडला. नांगरासकट जी उधळली ती सरळ पाण्याची चारी ओलांडून पलीकडच्या मक्यात. पाहुण्यांनी विचारलं, ही पद्धत किती जुनी आहे? मी म्हणालो, फार जुनी. त्यांनी लिहून घेतलं.

तेव्हा या गोष्टीवर आम्ही पोट धरून हसायचो. आता ती सांगताना मला त्या लिहून घेणाऱ्या माणसाची दया येते.

माझं खरं कसब मात्र दुभाषीपणात होतं. शब्दाला शब्द ठेवणं कुणीही करेल. मी बोलणं मऊ करायचो. पाहुणे विचारायचे, पाणी इतकं कमी असताना हे लोक ऊसच का लावतात? मी शेतकऱ्याला सांगायचो, पाहुणे म्हणत्यात ऊस लई झ्याक हाय. शेतकरी म्हणायचा, ह्यांना सांगा, दिवसा लाइट न्हाय, मशीन दिवसा पाणी द्या म्हणतंय, आमी काय बादलीनं घालू? मी इंग्रजीत सांगायचो, यांना वेळेच्या बाबतीत थोडी लवचिकता हवी आहे. दोन्ही बाजू मान हलवायच्या. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून कधी वाद पेटला नाही, याचा मला केवढा अभिमान होता! साहेब नव्या अधिकाऱ्यांना सांगायचे, "मुलाणी असले की काळजी नाही." ते ऐकून माझी मान ताठ व्हायची.

आता दत्तूतात्यांकडं येतो.

दत्तूतात्या कळंबच्या शिवारातले. उसात राबून हाताची कातडी करवतासारखी झालेली, बोलणं कमी, डोक्याला पांढरी टोपी. त्यांचं नाव होतं बेण्यासाठी. बेणं म्हणजे लागणीचा ऊस. ज्या उसाचे तुकडे जमिनीत लावून पुढचा ऊस उगवतो, तो. प्रत्येक कांड्याला एक डोळा असतो, तिथून कोंब फुटतो. डोळा मेला की वर्षभराची लागण मेली. म्हणून शेतकरी मुलीला स्थळ बघावं तसं बेणं बघतो. तात्यांच्या बेण्याला कसली पावती नव्हती की सरकारी शिक्का नव्हता. आषाढाच्या तोंडाला तीन-चार गावचे लोक हातात नारळ घेऊन यायचे. तात्या तो नारळ बांधावर फोडायचे, पहिला ऊस स्वतः तोडायचे, अंगठ्याने एकेक डोळा चाचपायचे आणि मगच मोळी बांधू द्यायचे. "तात्यांचं बेणं हाय" एवढं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नसे. त्या माणसाची सगळी कमाई म्हणजे हे एक वाक्य होतं.

हा प्लॉट मी निवडला. तो डांबरीला लागून होता, बांधावर चिंचेची दाट सावली होती आणि समोर शाळेचं मैदान होतं. बस एका झटक्यात वळायची.

यंत्र म्हणजे दोन फुटी कांब. ती मुळांजवळ जमिनीत रोवायची, वर खांबावर सौर पाटी. जमिनीत ओल किती आहे ते कांब मोजते, कंपनीच्या संगणकाला कळवते, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप येतो, पाणी द्या किंवा देऊ नका. ज्याच्याकडं शेततळं आहे, ठिबक आहे, त्याला हे यंत्र म्हणजे वरदानच. तो आज थांबेल, परवा देईल. असे शेतकरी आमच्या यादीत होते. पण त्यांची रानं डांबरीपासून दूर, चिखलवाटेनं आत होती. तात्यांचं रान कालव्यावरचं. विहीर होती, पण होळी झाली की तिचा तळ दिसायचा. मग भिस्त सगळी कालव्याच्या आवर्तनावर. आवर्तन म्हणजे धरणातून ठरावीक काळाने सुटणारं पाणी. ते चारीला आलं की प्रत्येकाची पाळी तासांवर ठरलेली. आपल्या तासाला दार उघडायचं आणि रान भरून घ्यायचं. तहान असो नसो, घ्यायचं, कारण पुढचं पाणी कधी येईल ते कुणाच्याच हातात नसतं. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मलाही होतं.

यंत्र बसवायला कंपनीच्या शास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. एल्सा त्यांचं नाव, गावात त्या एल्साबाई झाल्या. त्यांनी बूट काढले, सरीत उतरल्या, चिमूटभर माती उचलून हुंगली आणि चक्क जिभेवर ठेवली. तात्या माझ्याकडं वळून म्हणाले, "बाईला शेती कळती." परदेशी माणसाला तात्यांनी दिलेलं ते एकमेव प्रशस्तिपत्र. एल्साबाईंनी मला विचारलं, यांना पाणी हवं तेव्हा मिळतं ना? मी म्हणालो, यांची विहीर आहे. खोटं काहीच बोललो नाही मी. विहीर होतीच.

हिवाळाभर सगळं छान चाललं. विहिरीला पाणी होतं, यंत्र सांगेल तसं तात्या द्यायचे. दोन-तीन पाणी वाचली. तात्या स्वतः म्हणाले, "मशीन खोटं न्हाय बोलत." कंपनीचा पुण्याचा समन्वयक निखिल, हुशार आणि सदा घाईत असलेला तरुण, त्या पाण्याच्या बचतीचा आलेख कार्यालयाच्या भिंतीवर लावून गेला. त्या आलेखावर पुढचा करार उभा राहणार होता. दुसरा टप्पा, त्यात सरकार यंत्रं विकत घेणार. तिकडच्या राजदूतांची तारीख वैशाखातली ठरली. आमच्या वैशाखात कुणी पाव्हणा येतो का? पण तारीख दिल्लीहून आली होती.

होळीनंतर कालवा सुटला. सकाळीच तात्यांचा फोन. "साहेब, पाणी आलंय. उद्या माझी पाळी. हिरीचं शेवटचं पाणी चार दिसांमागं दिलंय, म्हणून मशीन म्हणतंय देऊ नका. काय करू?"

मी म्हणालो, "थांबा, इचारून सांगतो."

काय विचारायचं होतं मला? उत्तर मला पाठ होतं. पण मी निखिलला फोन लावला. तो म्हणाला, "सर, मशीनने नाही म्हटल्यावर पाणी दिलं तर तिथंच आलेख तुटतो. पाहुणे नेमका तोच बघणार. एकच पाळी सोडा म्हणावं. पुढं अडचण आली तर कंपनी टँकर देईल." मी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, "तुम्ही बघा, तुमचा माणूस आहे तो."

मी तात्यांना फोन केला. "तात्या, ह्या पाळीला नका देऊ. पुढचं आवर्तन येतंय महिन्याच्या आत. लागलं तर टँकर लावतो, माझा शब्द."

मग तात्या म्हणाले, "तुमी म्हणताय म्हणून." आणि त्यांनी आपले तास शेजाऱ्याला देऊन टाकले. मशीनवर नाही, कंपनीवर नाही, तात्यांनी माझ्या शब्दावर पाळी सोडली. कालव्याची पाळी सोडणारा माणूस त्या चारीवर कुणी पाहिला नव्हता. शेजाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यात काहीतरी झालंय.

पुढचं आवर्तन महिन्यात आलं नाही. धरणातलं पाणी आधी पिण्यासाठी राखलं, आणि शेतीचं लांबत लांबत गेलं. पाळी सोडली त्याच्या आठवड्यानेच यंत्राचा निरोप आला होता, पाणी द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा, पाणी द्या. मग रोज. तात्या मला रोज फोन करून तो निरोप वाचून दाखवायचे. त्यात राग नव्हता, थट्टाही नव्हती. यंत्र सांगतंय ते माझ्या कानावर घालणं हे ते आपलं काम समजत होते. मी पाटबंधारे कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, निखिलला टँकरची आठवण केली. तो म्हणायचा, मंजुरीला पाठवलंय सर. मग तात्यांचे फोन कमी झाले, पुढं बंद झाले. यंत्राचे निरोप चालूच होते.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी टँकर आले. दोन. एकरभर उसाला दोन टँकर म्हणजे तापल्या तव्यावर थेंब. पण निखिलने जागा नेमकी दाखवली. डांबरीकडच्या पहिल्या दहा सऱ्या आणि यंत्राचा खांब. तात्या चिंचेखाली उभे राहून बघत होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "आतलं बेणं वाळतंय साहेब, तिकडं पाइप न्या." मी म्हणालो, "तात्या, उद्याचं पार पडू द्या, मग बघू." हे वाक्य मी नोकरीत किती जणांना म्हटलं असेन.

दुसऱ्या दिवशी बस आली, झोकात वळली. उन्हाने पाहुणे टोमॅटोसारखे लाल झालेले. तात्यांनी फेटा बांधून घ्यायला साफ नकार दिला, टोपीतच उभे राहिले. त्यांची सून अनिता इतर बायकांबरोबर लिंबाच्या सरबताचं ताट घेऊन उभी होती. ती अंथुर्ण्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते, हे मला माहीत होतं. तिच्या हातात ताट मीच दिलं होतं.

तिकडचे राजदूत बोलले, आमचे साहेब बोलले. मग एल्साबाई पुढं आल्या. त्या म्हणाल्या, "हे यंत्र मी केलंय. चांगलं काय ते मी अहवालात वाचलं. हे कुठं चुकतं ते यांना विचारा." हा प्रश्न मी तात्यांना जसाच्या तसा सांगितला. मऊ करायचं का सुचलं नाही कुणास ठाऊक.

तात्यांनी टोपी नीट केली. एरवी दोन वाक्यांवर न जाणारा माणूस, पण त्या दिवशी सलग बोलला.

"बाई, मशीन खोटं न्हाय बोललं. त्या दिशी रानात वल हुती. पर पाणी आमच्या हातात न्हाय, कालव्याच्या हातात हाय. ते आलं तवा घ्यायचं, न्हायतर वाट बघत बसायचं. हे तुमच्या मशीनला कुणी सांगितलंच न्हाय. माझं बेणं वाळलं. ह्या पुढच्या हिरव्या दिसत्यात त्या सऱ्या टँकरच्या हायत. आत चला, दावतो."

सगळे माझ्याकडं बघत होते. साहेब, निखिल, राजदूत, छायाचित्रकार. परवा मुंबईत सह्या होत्या. मी घसा साफ केला आणि इंग्रजीत म्हणालो, "तात्या म्हणतात, यंत्र खरं बोलतं. पाण्याचं नियोजन किती मोलाचं आहे ते यंत्रामुळं नव्यानं कळलं. ते तुमचे आभार मानतात आणि पुन्हा यायचं आग्रहाचं निमंत्रण देतात."

'आत चला'चं मी 'पुन्हा या' केलं.

राजदूतांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. एल्साबाईंनी एक क्षण कपाळाला आठी घातली, कारण तात्या बोलले होते जास्त आणि मी सांगितलं होतं थोडं. पण त्यांनीही टाळ्या वाजवल्या. तात्यांनी एकेकाच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"साहेब, टाळ्या कशाच्या?"

"तुमच्या कौतुकाच्या, तात्या."

"बेणं वाळलं त्याचं कौतुक?"

मी नजर वळवली. दोन हातांवर अनिता उभी होती. तिला दोन्ही बाजूंचं सगळं कळलं होतं. मला वाटलं, आता ही बोलेल. ती बोलली नाही. कितीतरी दिवसांनी मी तिला त्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाली, "काका, मला वाटलं तुमी काहीतरी इचार करूनच तसं सांगितलं असंल." मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

सह्या झाल्या. दुसरा टप्पा मंजूर झाला आणि दुसऱ्या जिल्ह्यात गेला. प्रकल्पाची गुळगुळीत पुस्तिका निघाली, तिच्या मुखपृष्ठावर दहा हिरव्या सऱ्यांपुढं टोपी घातलेले तात्या. आत लिहिलेलं, प्रगतिशील शेतकरी. आषाढात लोक नारळ घेऊन आले तेव्हा काहींच्या हातात ती पुस्तिका होती. तात्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. डोळे मेलेलं बेणं देणारा तो माणूस नव्हता. पण लोकांनी पुस्तिकेतला हिरवा ऊस बघितला होता. कुणी म्हणालं, तात्या आता परदेशात बेणं धाडतो. कुणी म्हणालं, कंपनीचा झाला, आपल्याला कशाला देतोय! तात्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. त्या वर्षी स्वतःच्या लागणीसाठी त्यांनी दुसऱ्याच्या बांधावर नारळ नेला. हे मला त्यांच्या शेजाऱ्याने बाजारात सांगितलं, तेव्हा मी भाजीची पिशवी तिथंच ठेवून घरी आलो.

मला निरोप समारंभात काचेचं मानचिन्ह मिळालं. त्यावर दोन देशांचे झेंडे आहेत. बायकोने ते शोकेसमध्ये ठेवलं होतं, मी काढून माळ्यावर टाकलं. ती म्हणाली, "एवढं चांगलं हाय की." ही सगळी गोष्ट मी तिलाही सांगितली नव्हती.

निवृत्तीनंतर जुने कागद चाळताना एल्साबाईंचं कार्ड सापडलं. चार दिवस ते टेबलावर पडून होतं. मग मी त्यांना सगळं लिहून पाठवलं. कालव्याची पाळी, विहीर, टँकर, आणि तात्या खरं काय म्हणाले होते ते. माफी मागितली. वाटलं, उत्तर येणार नाही. दोनच दिवसांत आलं. त्यांनी मला एक वाईट शब्द लिहिला नव्हता. एवढंच लिहिलं होतं की, पाण्याच्या पाळीचं वेळापत्रक यंत्राच्या हिशेबात घालणं हे त्यांचं एका दुपारचं काम होतं. "म्हणूनच तर मी विचारलं होतं," असं शेवटी लिहिलं होतं. त्या आता त्या कंपनीत नाहीत, आणि ते यंत्र अजून तसंच विकलं जातं.

एका दुपारचं काम. ते शब्द मी कितीदा वाचले याला हिशेब नाही. म्हणजे मी ज्यांच्यापासून प्रकल्प वाचवत होतो त्याच बाईंना तो सुधारायचा होता. मोडणार असं काहीच नव्हतं. मी नुसता घाबरलो होतो.

मोबाइल घेऊन मी कळंबला गेलो. तात्या घरापुढच्या सोप्यात दोरी वळत बसले होते. येताना बघितलं, रानात यंत्राचा खांब अजून उभा होता, वरची पाटी कुणीतरी काढून नेलेली. मी म्हणालो, एल्साबाईंचं पत्र आलंय, वाचून दाखवू का?

तात्या म्हणाले, "आधी तिच्या बोलीत वाचा. मग आपल्या."

मी इंग्रजीत वाचलं. ते दोरी बाजूला ठेवून, मान खाली घालून ऐकत होते. एक शब्द कळत नसताना त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग मी मराठीत सांगितलं. तात्या बराच वेळ हाताच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवत राहिले.

"तिला इचारायचं हुतं, मला सांगायचं हुतं," ते म्हणाले. "मधी तुमी हुता."

मी म्हणालो, "व्हय तात्या."

"मग आता लिवा. तवा सांगितलं ते."

त्यांनी सांगितलं आणि मी मोबाइलवर इंग्रजीत लिहीत गेलो. मशीन खोटं बोललं नाही. पाणी आमच्या हातात नाही, कालव्याच्या हातात आहे. माझं बेणं वाळलं. टँकरच्या सऱ्या. आत चला, दाखवतो. इतक्या वर्षांनी त्यातला एक शब्द ते विसरले नव्हते, आणि मीही नाही. या वेळी मी काही मऊ केलं नाही, काही गाळलं नाही. लिहून झाल्यावर म्हणालो, "तात्या, शब्दाला शब्द लिहिलंय. पाठवू?"

"थांबा," तात्या म्हणाले, आणि आत वळून त्यांनी हाक मारली, "अनिता, हिकडं ये गं जरा."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. तात्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि तिच्याकडं दिला. "मुलाणीसाहेबांनी लिवलंय. मी बोललो तेच हाय का, बघ."

अनिताने माझ्याकडं बघितलं नाही. उंबऱ्यावर उभं राहून ती वाचायला लागली, हळूहळू, एकेका ओळीवर थांबून, शाळेतली वही तपासावी तसं. तात्या तिच्या तोंडाकडं बघत होते. मी बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिलो आणि ती काय म्हणते त्याची वाट बघत होतो.

"बरोबर हाय, मामा," ती म्हणाली.

तेव्हा तात्यांनी मोबाइल मला परत दिला आणि म्हणाले, "आता धाडा."